चित्रातली धान्याची रास: स्टालिनच्या काळातल्या चित्रांविषयी

निळी शाई

शाळेत असताना माझ्या पुस्तकांना रशियन मासिकांच्या कागदाची कव्हरं असायची. कागद जाड आणि गुळगुळीत, वर्षभर टिकायचा. पाचवीत भूगोलाच्या पुस्तकावर एक चित्र आलं होतं. मोठी खोली, पांढऱ्या खोळी चढवलेल्या खुर्च्या, त्यातल्या एका खुर्चीत एक टक्कल पडलेला माणूस मांडीवर कागद घेऊन लिहितोय. समोरची खुर्ची रिकामी. तो लेनिन आहे हे बाबांनी सांगितलं. मला लेनिनपेक्षा ती शांतता आवडायची. आपण त्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो तर तो मान वर करून बघेल, असं वाटायचं.

ते इसाक ब्रॉड्स्कीचं 'स्मोल्नीतला लेनिन', १९३० सालचं. स्मोल्नी म्हणजे क्रांतीच्या वेळचं बोल्शेविकांचं मुख्यालय. म्हणजे लेनिनला जाऊन सहा वर्षं झाल्यावर काढलेलं, फोटो आणि जुन्या रेखाटनांच्या आधाराने. पाचवीतल्या मला जे वाटायचं तेच वाटावं म्हणून ती खुर्ची रिकामी ठेवलेली असणार, हे फार उशिरा लक्षात आलं.

गेले काही महिने त्या काळातली चित्रं बघतेय, त्यांच्याबद्दल वाचतेय. या चित्रांवर दोनच प्रकारचं बोलणं ऐकू येतं. एक, 'सगळा प्रचार, बघण्यासारखं काही नाही'. दुसरं, 'राजकारण सोडा हो, काय हात आहे!' मला दोन्ही पटत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडा इतिहास. २३ एप्रिल १९३२ ला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीने ठराव करून लेखक-कलावंतांच्या सगळ्या स्वतंत्र संघटना बरखास्त केल्या. तोवर तिथे चित्रकारांचे बरेच गट होते आणि एकमेकांशी कडाडून भांडत होते. ते भांडण संपलं. यापुढे एकच संघ, आणि वाटही एकच: समाजवादी वास्तववाद. १९३४ च्या लेखक संमेलनात त्या वाटेला सूत्र मिळालं: वास्तव 'त्याच्या क्रांतिकारी विकासात' दाखवायचं. ते लेखकांसाठी होतं, पण चित्रकारांनाही लागू झालं. हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. अर्थ असा की आज जे आहे ते काढायचं नाही. उद्या जे होणार असं सरकार म्हणतंय, ते आजच झालंय असं काढायचं. आणि ते इतकं हुबेहूब काढायचं की बघणाऱ्याला शंका येऊ नये.

आता साल आणि चित्र शेजारी ठेवून बघा. १९३७ मध्ये अर्कादी प्लास्तोवने 'कोल्खोझचा सण' काढलं. कोल्खोझ म्हणजे सामूहिक शेत. अन्नाने भरलेली टेबलं, गर्दी, हसणं, वर स्टालिनचं चित्र आणि आयुष्य आता जास्त चांगलं, जास्त आनंदी झालंय हे त्याचं वाक्य. युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाच्या काठी लाखो माणसं भुकेने मेली ती १९३२-३३ मध्ये. मधे फक्त चार वर्षं. त्याच १९३७ मध्ये युरी पिमेनोवने 'नवी मॉस्को' काढलं. उघड्या मोटारीत एक बाई, आपल्याला पाठमोरी, स्वतः गाडी चालवतेय. काचेपाशी फुलं खोचलेली, रस्ता नुकताच पावसाने धुतलेला, समोर नव्या इमारती. फार देखणं चित्र आहे. १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत त्या देशात सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना गोळ्या घातल्या गेल्या.

आणि जे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही ते तात्याना याब्लोन्स्कायाचं 'धान्य', १९४९ सालचं. मूळ नाव 'ख्लेब'. रशियनमध्ये धान्यालाही तोच शब्द आणि भाकरीलाही तोच. उंची दोन मीटर, रुंदी पावणेचार मीटरच्या जवळपास. खळ्यावर सोनेरी धान्याची रास, पोती, पांढरे रुमाल बांधलेल्या बायका. मधली एक उभी राहून बाही वर सारतेय आणि हसतेय. याच युक्रेनमध्ये दोन वर्षांपूर्वी पुन्हा दुष्काळ पडला होता.

चित्रकर्ती खोटी नव्हती असं मला वाटतं. मग हे चित्र खोटं कसं झालं? तुम्ही सांगा.

खडूफळा

ताई, छान विषय काढलात. मी चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालो, म्हणून हातापासूनच सुरुवात करतो.

अलेक्सांद्र गेरासिमोवचं १९३८ चं 'क्रेमलिनमध्ये स्टालिन आणि वोरोशिलोव' बघा. वोरोशिलोव म्हणजे तेव्हाचा संरक्षणमंत्री. लांबीला जवळजवळ चार मीटर. दोघे ओव्हरकोट घालून चाललेत, मागे मॉस्को, आकाशात ढग फुटतायत. क्षितिज खाली ठेवलंय, त्यामुळे दोघांची डोकी क्रेमलिनच्या बुरुजांपेक्षा वर जातात. स्टालिन प्रत्यक्षात बुटका होता. ही झाली युक्ती, ती कुठलाही दरबारी चित्रकार करतो. माझं लक्ष जातं खालच्या फरशीकडे. पाऊस नुकताच थांबलाय, फरशी ओली आहे, तिच्यात आकाशाचा उजेड उतरलाय. हे काम शिकवून येत नाही.

याच माणसाने तीन वर्षं आधी, १९३५ मध्ये, 'पावसानंतर' नावाचं चित्र काढलं होतं. घराचा ओला व्हरांडा, टेबलावर फुलांचा पेला, पाण्यात सगळ्याचं प्रतिबिंब. त्यात कोणी पुढारी नाही, घोषणा नाही. मुलांना पाण्याचा उजेड कसा पकडायचा हे सांगताना मी ते चित्र दाखवायचो. ओल्या व्हरांड्यावर प्रेम करणारा तोच डोळा क्रेमलिनच्या फरशीवर कामाला लावला, आणि त्या चित्राला १९४१ मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं. पहिल्या श्रेणीला १ लाख रूबल. १९४७ मध्ये तो कला अकादमीचा अध्यक्ष झाला. दुसऱ्याच वर्षी मॉस्कोचं नव्या पाश्चात्त्य कलेचं संग्रहालय बंद केलं गेलं आणि मातीस, पिकासो यांची चित्रं गोदामात गेली. या सगळ्यात गेरासिमोव बंद करणाऱ्यांच्या बाजूला होता.

मला त्याचा राग येतो तो यासाठी. ज्याला उजेड दिसत नाही त्याने दुसऱ्याचा उजेड बंद केला तर समजू शकतो.

(याच काळात सेर्गेई गेरासिमोव नावाचा दुसरा चित्रकार आहे, त्याचंही १९३७ चं कोल्खोझच्या सणाचं चित्र आहे. दोघांचा नात्याचा संबंध नाही. घोटाळा होतो म्हणून लिहिलं.)

मेघना_क

वाचनखूण साठवली. वाचतेय.

गोदाकाठ

मला चित्रातलं कळत नाही, शेतातलं कळतं. ताईंनी लिहिलेलं 'धान्य' शोधून मोबाईलवर मोठं करून बघितलं.

ते चित्र खळ्यावर जाऊन काढलंय, हे नक्की. पुढे पाठमोरी वाकलेली बाई राशीत हात घालून काम करतेय ना, तिचं वाकणं कमरेतून आहे. घरात बसून काढणारा माणूस पाठ वाकवतो, कंबर नाही. बाही वर सारायची ती वेळही खरी आहे. एक खेप झाली, दुसरी सुरू व्हायची, मधे घाम पुसायला मिळतो तेवढीच ती वेळ. आमच्याकडे ज्वारीची रास झाली की आधी राशीची पूजा, नारळ, मग माप. तोवर कोणी पोत्याला हात लावत नाही. रास बघून बाईमाणसाच्या तोंडावर जे येतं ते या चित्रात आलंय.

पण आईला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "ह्या बाया खळ्यावरच्याच हायेत. पण एवढी रास चालली कुणाच्या घरी?"

आडवाट

धागा चांगला आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझ्या घरात तीन पिढ्या गिरणीत राबल्या, लाल बावटा घरात होता, तेव्हा माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो.

राजाश्रयाने चित्रं काढणं काही स्टालिनने शोधलेलं नाही. मोगल बादशहांनी काढून घेतली, पोपने काढून घेतली, युरोपातल्या प्रत्येक राजाने घोड्यावर बसून काढून घेतली. त्या चित्रांत शेतकरी कुठे होता? फार तर कोपऱ्यात. पोती उचलणारी बाई पावणेचार मीटरच्या कॅनव्हासच्या मधोमध आली, हे काहीच नाही का?

आणि दुष्काळाचं म्हणाल तर भूक सगळ्यात प्रामाणिकपणे काढली ती डाव्या चित्रकारांनीच. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तोप्रसाद मेदिनीपूर भागात पायी हिंडले. हाडांचे सापळे झालेली माणसं त्यांनी शाईने काढली. ती कम्युनिस्ट पक्षाच्या मुंबईहून निघणाऱ्या पत्रात छापली जायची. त्यांच्या चित्रांची पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केली. पुढे ते मुंबईतच, अंधेरीला, अनेक वर्षं राहिले. लाल झेंडा घेतला की माणूस खोटंच काढतो, असं म्हणू नका एवढीच विनंती.

निळी शाई

आडवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चित्तोप्रसाद यांचं उदाहरण तुम्ही दिलंत हे फार बरं झालं, कारण माझा प्रश्न त्यानेच सुटायला लागलाय.

चित्तोप्रसाद यांना दुष्काळ काढता आला, कारण ज्या सरकारने दुष्काळ ओढवला ते त्यांचा पगार देत नव्हतं. चित्रं जप्त झाली, पण कागद, शाई, छापखाना सरकारच्या हाताबाहेर होता. १९३३ च्या युक्रेनमध्ये एखाद्या चित्रकाराने तसंच हिंडून काढायचं ठरवलं असतं तर? तिथे रंग आणि कॅनव्हास संघाच्या दुकानातून, काम सहकारी संस्थेच्या करारातून. करार असा, की चित्रकाराला दरमहा ठरलेली रक्कम आणि त्याने मुदतीत ठरल्या विषयाची चित्रं द्यायची. प्रदर्शन सरकारचं, निवड समिती सरकारची, विकत घेणारं संग्रहालय सरकारचं, छापणारं मासिकही सरकारचं. स्टुडिओ, घर, सुट्टीतली विश्रांतीची जागा, सगळं संघाकडून. मोगल बादशहाचा चित्रकार रुसला तर दुसऱ्या दरबारात जाऊ शकत होता. इथे दुसरा दरबार नव्हता.

म्हणून मला वाटतं, फरक वास्तववादाचा नाही आणि समाजवादाचाही नाही. एकच गिऱ्हाईक उरलं, आणि तुरुंगाची किल्लीही त्याच गिऱ्हाइकाकडे होती. भीती होतीच, पण रोजच्या जगण्यात भीतीपेक्षा हप्ता जास्त काम करत असावा.

आता गोदाकाठ, तुमच्या आईंचा प्रश्न. मी इतकं वाचलं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. उत्तर असं: आधी सरकारची वसुली, मग बियाणं, मग यंत्रांचं देणं, आणि शेवटी उरलं तर कष्टाच्या दिवसांप्रमाणे माणसांना. काही गावांत वर्षाअखेर हातात फार थोडं पडायचं. १९४६ ला पाऊस गेला, तरी वसुली थांबली नाही, निर्यातही चालू राहिली. त्या दुष्काळात देशभरात दहा लाख किंवा त्याहून जास्त माणसं मेली असं इतिहासकार मानतात. १९३२ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला होता, सामूहिक शेतातलं धान्य चोरलं तर गोळी किंवा दहा वर्षं. कापणीनंतर शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्यांनाही तो लावला गेला. १९४७ च्या जूनमध्ये सरकारी मालमत्तेच्या चोरीला २५ वर्षांपर्यंत सक्तमजुरीची छावणी झाली. गाव सोडून जावं तर शेतकऱ्याला ओळखपत्र नाही. ते सरसकट द्यायचं ठरायलाच १९७४ उजाडलं.

चित्रात जवळजवळ सगळ्या बायाच आहेत, हेही आता वेगळं दिसतं. पुरुष युद्धात गेले होते आणि परत आले नव्हते. ते काही चित्रकर्तीने लपवलेलं नाही.

दूरदेशी

मी काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मॉस्कोत होतो. क्रिम्स्की वाल रस्त्यावरच्या नव्या त्रेत्याकोव गॅलरीत ही चित्रं बघितली आहेत. छापील चित्रात न कळणाऱ्या दोन गोष्टी सांगतो.

एक म्हणजे आकार. शुर्पिनचं 'आपल्या मातृभूमीची सकाळ' घ्या. पांढऱ्या अंगरख्यातला स्टालिन, हातावर कोट, मागे पहाटेची शेतं, ट्रॅक्टर, विजेच्या तारा. १९४९ मध्ये त्याला पारितोषिक मिळालं. मासिकात ते साधं वाटतं. समोर उभं राहिलं की त्या शेतात तुम्ही आहात आणि तो तुमच्याकडे बघतही नाहीये. तो लांब कुठेतरी बघतोय. मला स्वतःला मान खाली घालावीशी वाटली आणि त्याची लाज वाटली.

दुसरी म्हणजे याब्लोन्स्कायाची रास. जवळ गेलं तर रंग जाड लावलाय, दाणे सुटे सुटे दिसतात. हात लावावा असं वाटतं. माझ्याशेजारी एक म्हातारी रशियन बाई होती, ती खूप वेळ उभी होती. काय आठवत होती कुणास ठाऊक. मी विचारलं नाही.

कागदी होडी

मला गुस्ताव क्लुत्सिसबद्दल सांगायचंय, कारण या विषयात तो सगळ्यात जास्त छळतो.

लाटवियन माणूस. क्रांतीत लेनिनच्या रक्षक तुकडीत होता. फोटो कापून, जोडून पोस्टर करायची कला त्याने घडवली. पंचवार्षिक योजनेची पोस्टरं, हजारो उंचावलेले हात, आणि मग मोठा मोठा होत गेलेला स्टालिन. कोणी जबरदस्तीने करून घेतलं नव्हतं, त्याचा विश्वास होता. १९३८ च्या जानेवारीत त्याला उचललं, लाटवियन असणं हाच गुन्हा. फेब्रुवारीत मॉस्कोजवळ बुतोवोला गोळी घातली. बायकोला, तीही चित्रकारच, पुढे सांगितलं गेलं की तो १९४४ मध्ये हृदयविकाराने गेला. खरं बाहेर यायला १९८९ उजाडलं. अलेक्सांद्र द्रेविन हाही लाटवियन चित्रकार, त्यालाही त्याच महिन्यात मारलं.

आणि पावेल फिलोनोव. १९२९ मध्ये लेनिनग्राडच्या रशियन संग्रहालयात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन मांडून तयार होतं. लोकांसाठी ते उघडलंच नाही. तो चित्रं विकत नसे, त्याला ती एकत्र ठेवायची होती. १९४१ च्या डिसेंबरमध्ये, जर्मन सैन्याच्या वेढ्यात, उपासमारीने गेला.

एकाने हवं ते दिलं आणि एकाने दिलं नाही. या दोघांकडे बघून शहाणपणाने वागायचं म्हणजे कसं वागायचं, हे कुणाला कळलं असतं?

खडूफळा

कागदी होडी, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

माझ्याकडून दोन गोष्टी. अलेक्सांद्र लाक्तिओनोवचं 'आघाडीवरून आलेलं पत्र', १९४७. उन्हातलं अंगण, मुलगा पत्र वाचतोय, घरचे ऐकतायत. ऊन इतकं खरं की डोळे बारीक होतात. हा ब्रॉड्स्कीचा विद्यार्थी. यावर आक्षेप काय आला? घराचा गिलावा पडलेला दाखवलाय, पायाखालच्या फळ्या मोडक्या आहेत, सोव्हिएत घर असं असतं का! युद्धात अर्धा देश जळाला होता, पण फळी मोडकी चालत नव्हती. लोकांनी मात्र त्या चित्रासमोर गर्दी केली, कारण प्रत्येकाच्या घरी तसं पत्र आलं होतं किंवा आलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्याला पहिल्या श्रेणीचं पारितोषिक मिळालं. १९५२ मध्ये त्याने 'नव्या घरात' काढलं. चकचकीत जमीन, रबराच्या झाडाची कुंडी, मुलाच्या हातात स्टालिनची तसबीर. एकही फळी मोडकी नाही. आणि चित्र मेलेलं आहे. दोन्ही शेजारी ठेवा, कोणी काही सांगायची गरज नाही.

दुसरं, व्लादिमीर सेरोव. १९४७ मध्ये 'लेनिन सोव्हिएत सत्तेची घोषणा करतो' काढलं, लेनिनच्या मागे स्टालिन, झेर्झिन्स्की, स्वेर्दलोव हे पक्षाचे पुढारी. त्यालाही पारितोषिक. स्टालिन गेला, त्याच्यावर टीका सुरू झाली, १९६१ मध्ये त्याचं शव समाधीतून हलवलं. १९६२ मध्ये सेरोवने तेच चित्र स्वतः पुन्हा काढलं. आता लेनिनच्या मागे अनोळखी कामगार आणि सैनिक. लेनिनचा हात तसाच, उजेडही तसाच.

मेघना_क

सर, चीनमध्येही असंच झालं. दोंग शिवेनचं १९५३ चं चित्र, बीजिंगच्या थ्येनआनमन दरवाजावरून माओ प्रजासत्ताकाची घोषणा करतोय, मागे पक्षाचे बाकी पुढारी. त्यातला काओ कांग पदच्युत झाल्यावर त्याला चित्रातून काढलं, त्या जागी आकाश आणि फुलं आली. सांस्कृतिक क्रांतीत दुसरा पुढारी ल्यू शाओची यालाही काढलं. १९७९ नंतर सगळे पुन्हा आपापल्या जागी आले. तोवर दोंग शिवेन जाऊन काही वर्षं झाली होती.

आडवाट

निळी शाई, 'एकच गिऱ्हाईक' हे मला पटलं. माझ्या आजोबांच्या संदुकीत रशियन चित्रांची पोस्टकार्डं होती, त्यात प्लास्तोवचं गवत कापणीचं चित्र होतं, १९४५ चं. ते मात्र मी सोडणार नाही. युद्ध संपलंय, बर्चच्या झाडांखाली फुलांनी भरलेलं गवत, म्हातारे, एक बाई आणि एक पोरगा विळे चालवतायत. तरणा पुरुष नाही. घोषणा नाही, तसबीर नाही. सणाचं चित्र काढणाऱ्यानेच आठ वर्षांनी हे काढलं. तोही त्याच संघात, त्याच करारावर. म्हणजे फट होती. फार बारीक, पण होती.

निळी शाई

हो, ते मीही सोडणार नाही. आणि प्लास्तोव आयुष्यभर आपल्या प्रिस्लोनिखा गावाला धरून राहिला, तिथलीच माणसं त्याने काढली. १९३१ मध्ये घराला आग लागून त्याची तोवरची जवळजवळ सगळी चित्रं गेली होती, हे वाचल्यापासून सणाच्या चित्रातली ती भरलेली टेबलंही मी जरा वेगळ्या मनाने बघते. पण सणाचं चित्र सणाचंच राहतं.

याब्लोन्स्कायाबद्दल राहिलेलं सांगते. जन्म १९१७, स्मोलेन्स्कचा. लहानपणीच कुटुंब युक्रेनमध्ये आलं. म्हणजे पहिल्या दुष्काळात ती पंधरा-सोळा वर्षांची आणि तिथेच होती. तिला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. 'धान्य'च्या आधी, १९४७ मध्ये, तिने खेळाडू मुलांचं एक मोकळं, हलक्या हाताचं चित्र काढलं होतं. इम्प्रेशनिझमचा, म्हणजे तपशिलाऐवजी क्षणाचा उजेड पकडणाऱ्या पाश्चात्त्य शैलीचा, दोष आहे म्हणून तिला झोडपण्यात आलं. त्यानंतर १९४८ च्या उन्हाळ्यात ती विद्यार्थ्यांबरोबर कामेनेत्स-पोदोल्स्की भागातल्या एका कोल्खोझवर जाऊन राहिली, तिथे भराभर रेखाटनं केली, आणि त्यातून 'धान्य' झालं. १९५० चं पारितोषिक. टीका संपली.

मी सुरुवातीला विचारलं होतं, चित्रकर्ती खोटी नसताना चित्र खोटं कसं झालं. गोदाकाठ यांच्या आईंनी सांगितलं तेच खरं. बाया खऱ्या, कंबर खरी, घाम खरा, दाणा खरा. फक्त पोती कुठे चाललीत ते चित्राच्या चौकटीबाहेर ठेवलंय. आणि चौकट कुठे कापायची हे तिच्या हातात नव्हतं. की थोडं होतं? यावर मी अजून अडकलेय.

गोदाकाठ

पुढे काय काढलं तिने? की बायाच काढत राहिली?

निळी शाई

नाही. साठीच्या दशकात ती लोककलेकडे वळली, सपाट, नक्षीदार रंगांत काढायला लागली. शेवटी शेवटी अगदी लहान चित्रं. पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने खडूचे रंग घेऊन काढू लागली. कीव्हमधल्या आपल्या घराच्या खिडकीतून जे दिसायचं ते. झाडं, बर्फ, उजेड. २००५ मध्ये गेली.

गोदाकाठ

आईला सांगतो.